खेळातील अग्निबाण आणि हॅरी स्टाइन

चंद्रावरील मानवाच्या पहिल्या पदार्पणास २०१९ साली ५० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने अमेरिकेतील एस्टेस कंपनीने ‘सॅटर्न ५’ या महाकाय अग्निबाणाच्या प्रतिकृतीचा जुना संच पुन्हा बाजारात आणला. मूळच्या शंभरपट लहान असलेली ही प्रतिकृती कपाटात मांडून ठेवण्यापुरती नसते; ती खरोखरीच आकाशात झेपावते आणि हवाई छत्रीच्या आधाराने खाली उतरते. असे जुने संच वेळोवेळी पुन्हा निघतात आणि प्रौढ वयाचे हौशी लोक ते उत्साहाने विकत घेतात. गतकाळाच्या ओढीवर चाललेला हा बाजार आहे, असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. परंतु ज्या गृहस्थामुळे हा छंद उभा राहिला, त्या जी. हॅरी स्टाइन यांचे चरित्र पाहिले म्हणजे ह्या निकालाची घाई करवत नाही.

स्टाइन यांचा जन्म १९२८ चा. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स ह्या लष्करी चाचणी केंद्रावर कामास लागले. खऱ्या अग्निबाणांच्या सान्निध्यात राहणाऱ्यास सुरक्षिततेचे मोल शिकवावे लागत नाही. ह्याच विषयावर त्यांनी एका लोकप्रिय मासिकात १९५७ च्या आरंभी लेख लिहिला. तो नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावच्या ऑर्व्हिल कार्लाइल ह्या पादत्राणांच्या दुकानदाराच्या वाचनात आला. शोभेच्या दारूचा नाद असलेल्या कार्लाइल यांनी १९५४ मध्येच आपल्या भावासाठी कागदी नळीचा एक छोटा अग्निबाण तयार केला होता. दिवाळीतला बाण एकदा उडाला की संपला. कार्लाइल यांचा बाण मात्र शिखरापाशी पोहोचताच आपली छत्री उघडी आणि नवे इंजिन घालून पुन्हा उडे. त्याचे नमुने त्यांनी स्टाइन यांच्याकडे धाडले.

स्टाइन यांना त्या नमुन्यांत खेळण्याहून अधिक काही दिसले. त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुट्निक अंतराळात गेला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. ती तळघरात आणि परसात लोखंडी नळ्यांत जस्त व गंधकाची भुकटी ठासू लागली. कोणाची बोटे तुटली, कोणाचे डोळे गेले, काही जीवही गेले. बंदी घालणे हा एक मार्ग होता आणि अनेक ठिकाणी तो अवलंबिलाही गेला. परंतु उत्सुकतेवर बंदी घातली की ती तळघरातच जाते. म्हणून स्टाइन यांनी उत्सुकता आणि धोका यांची फारकत करण्याचे ठरविले. दारू ठासण्याचे काम कारखान्याने करावे. मुलाने कागद, लाकूड आणि डिंक हाताळावा. बाण विजेच्या ठिणगीने, दूर उभे राहून पेटवावा. धातूची नळी कदापि नको. आज साधे वाटणारे हे नियम त्या काळी कोणी एकत्र मांडलेले नव्हते.

त्याच ऑक्टोबरात त्यांची नोकरी गेली. डेन्व्हर येथील मार्टिन कंपनीत ते नुकतेच रुजू झाले होते. अमेरिका मागे का पडली याबद्दल वृत्तसंस्थेशी ते मोकळेपणाने बोलले, ते मालकांना रुचले नाही. खरे बोलण्याची किंमत नोकरदार कोणत्याही देशात सारखीच मोजतो. ह्या धक्क्यानंतर त्यांनी कार्लाइल यांच्या कल्पनेवर ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी उभी केली. ह्या क्षेत्रातील ती पहिलीच. व्हाइट सँड्सवर ज्या संशोधक अग्निबाणांची उड्डाणे होत, त्यांपैकी ‘एरोबी-हाय’ची प्रतिकृती हा तिच्या आरंभीच्या संचांपैकी एक होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पुढचा भाग सर्वांत बोधक आहे. संच तयार होते, गिऱ्हाईक होते, पण इंजिनांचा पुरवठा पुरेसा नव्हता. स्टाइन यांनी शोभेच्या दारूचा घरचा धंदा असलेल्या व्हर्नन एस्टेस यांना गाठले. एस्टेस यांनी एक यंत्रच बनविले आणि त्याला ‘मेबल’ असे लाडके नाव दिले. जानेवारी १९५९ मध्ये ते चालू झाले व दर साडेपाच सेकंदांस एक इंजिन देऊ लागले. पुरवठा आला, तोवर स्टाइन यांची कंपनी डबघाईस आली होती. यंत्राच्या क्षमतेइतके गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एस्टेस स्वतःच टपालाने इंजिने आणि पुढे संच विकू लागले. वाट पाडणारा एक आणि त्या वाटेवर दुकान थाटणारा दुसरा, हा अनुभव उद्योगधंद्यांच्या इतिहासात नवा नाही. एस्टेस यांना दोष देण्याचे मात्र कारण नाही. त्यांनी यंत्र बनविले नसते तर छंदच उरला नसता.

स्टाइन यांच्याकडे कारखाना राहिला नाही, नियम राहिले. १९५७ मध्ये त्यांनी स्थापन केलेली हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना, अग्निप्रतिबंधक समित्यांपुढे चिकाटीने केलेली मांडणी आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रारूप अग्निबाणांची हस्तपुस्तिका, ही त्यांची खरी मिळकत. एरवी पोट भरण्यासाठी ते लिहीत राहिले. ‘ली कॉरी’ ह्या टोपणनावाने त्यांनी विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या, त्यांत १९८२ सालची ‘स्टार ट्रेक’ मालिकेवरील एक कादंबरीही आहे.

योगायोग असा की ह्याच मालिकेतील यानांचे उडणारे संच एस्टेस कंपनीने १९७५ च्या सुमारास काढले होते आणि ‘स्टार वॉर्स’चेही नंतर काढले. चित्रपटाच्या मालकाच्या परवान्याने निघणाऱ्या अशा संचांची गोष्ट वेगळी असते. परवान्याची मुदत सरली की साचे असूनही संच काढता येत नाही, आणि पडून राहिलेल्या जुन्या खोक्यांची किंमत संग्राहक वाढवून ठेवतात. कागदाची नळी स्वस्त असते, नाव महाग असते. एरोबी-हायला असे नाव भाड्याने आणावे लागले नाही. म्हणूनच ज्या संचांची मूळ आकृती खऱ्या अग्निबाणाची किंवा संकल्पकाच्या स्वतःच्या कल्पनेची, त्यांची फेरनिर्मिती अधिक निकोप वाटते.

फेरनिर्मिती मुळात शक्य होते ती एका क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टीमुळे. मेबलने ठोकलेल्या इंजिनाची जाडी सुमारे १८ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ७० मिलिमीटर होती. तेच माप आजही चालते. १९६० च्या दशकातील आराखड्याबरहुकूम नळी कापणाऱ्या मुलाला आजचे इंजिन तिच्यात बसविता येते. आपल्याकडे नवे यंत्र घेताना जुन्याचे सुटे भाग निरुपयोगी ठरतात, त्याची सवय झालेल्यांना ही स्थिरता नवलाची वाटेल.

स्टाइन २ नोव्हेंबर १९९७ रोजी निवर्तले. त्यांच्या हस्तपुस्तिकेची सातवी आवृत्ती २००४ मध्ये निघाली. ती त्यांच्या मुलाने सुधारून पूर्ण केली होती.