‘कुंकू’मधली नीरा आणि व्ही. शांताराम

मैत्रिणींनो, पैठणच्या एकनाथ महाराजांवरचा जुना सिनेमा तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? ‘धर्मात्मा’ त्याचं नाव. १९३५ साली तो आला. त्यात एकनाथ झाले होते चक्क बालगंधर्व! ज्यांच्या शालूची आणि अंबाड्याची नक्कल आपल्या आज्या-पणज्या करायच्या, तेच बालगंधर्व संताच्या भूमिकेत. सिनेमाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. पण इंग्रज सरकारला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलावं लागलं. शिवाशीव न मानणारे नाथ पडद्यावर दाखवणं त्या काळी सोपं नव्हतं. ते धाडस केलं व्ही. शांताराम यांनी.

शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म १८ नोव्हेंबर १९०१, कोल्हापूरचा. वडील जैन, आई हिंदू. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा फारशी झालीच नाही. लहानपणी काही दिवस गंधर्व नाटक मंडळीत काढले. मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं आणि तिथल्याच एका सिनेमाच्या तंबूत पडेल ते काम करता करता पडद्याचं वेड लागलं. १९२० साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते शिरले. तिथेही झाडलोटीपासून रंगकामापर्यंत सगळं केलं. पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा तरुण शेतकरी त्यांनीच उभा केला. सावकाराचं दुखणं मराठवाड्यातल्या बाईला काय सांगायचं?

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या चौघांना घेऊन त्यांनी ‘प्रभात’ कंपनी काढली. तुतारी वाजवणारी बाई ही प्रभातची खूण तेव्हा घराघरांत पोचली. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट त्यांनी काढला. त्यात तारामती होत्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात जायचं म्हणजे तेव्हा केवढी कुजबूज! पण त्या गेल्या आणि पुढच्या कितीतरी मुलींची वाट मोकळी झाली. पुढे ‘अमरज्योती’मध्ये (१९३६) शांतारामांनी याच दुर्गाबाईंना समुद्रावरच्या चाच्यांची पुढारी केलं. अन्यायाविरुद्ध पेटून उठलेली, हातात हत्यार घेतलेली बाई लोकांनी पाहिली ती अशी.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. आज तिथे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मराठी, हिंदीबरोबर तिथे तमिळ सिनेमाही तयार झाला. मद्रासकडची मंडळी पुण्यात येऊन ‘सीता कल्याणम’ करून गेली, १९३४ साली.

पण मला आज सांगायचंय ते ‘कुंकू’बद्दल. १९३७ साल. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा सिनेमा. नीरा ही आईबापाविना मामाकडे वाढलेली मुलगी. मामा पैशासाठी तिचं लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो, तेही फसवून. घरात नवऱ्याची तिच्यापेक्षा मोठी मुलं आहेत. देवलांच्या ‘शारदा’ नाटकानं हे दुखणं आधीच वेशीवर टांगलं होतं. मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ असावं, असा शारदा कायदाही १९२९ मध्ये झाला होता. पण कायदा झाला म्हणून चालीरीती लगेच कुठे बदलतात?

नीरा काय करते, ते मात्र नवीन होतं. ती विहीर जवळ करत नाही, रडत बसत नाही. या लग्नाला मी लग्न मानत नाही, असं ती सरळ सांगते आणि त्याच घरात राहून नवऱ्याला ठामपणे नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीनं फोडून काढते. तिच्या पाठीशी उभी राहते ती नवऱ्याचीच मोठी, समाजकार्य करणारी मुलगी. ही भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी, ज्यांनी खऱ्या आयुष्यातही कुटुंबनियोजनाचं मोठं काम केलं. शेवटी म्हाताऱ्याला आपली चूक कळते. तो तिला मुलीसारखी मानतो आणि तिनं पुन्हा लग्न करावं असं पत्रात लिहून स्वतःला संपवतो. शांता आपटेंची नीरा आणि केशवराव दातेंचा म्हातारा, दोघंही विसरता येत नाहीत. शांतारामांनी या सिनेमात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, एवढंच. त्यामुळे ते घर आपल्या शेजारचंच वाटतं.

पुढे ‘माणूस’ (१९३९) आला, वेश्या झालेल्या मैनेची आणि तिच्यावर जीव लावणाऱ्या पोलिसाची गोष्ट. मग हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरचा ‘शेजारी’ (१९४१). १९४२ मध्ये ते प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला ‘राजकमल’ काढलं. वडील राजाराम आणि आई कमल, दोघांची नावं जोडून हे नाव ठेवलं. १९५० साली ‘दहेज’ आला. लेकीच्या हुंड्यासाठी बाप घर विकून सगळं जमवून आणतो, तोवर लेक शेवटच्या घटका मोजत असते. हुंडाबंदीचा कायदा यायला तेव्हा आणखी ११ वर्षं होती.

‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) तर बहुतेकींनी पाहिलाच असेल. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत होती, त्यावरून ही गोष्ट सुचली. बैलाशी झुंजीचा प्रसंग शूट करताना शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, बरेच दिवस डोळ्यांवर पट्टी होती. त्यातून उठून त्यांनी ‘नवरंग’ (१९५९) केला! ‘दो आँखें’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनला गौरव झाला आणि १९७५ मध्ये तमिळमध्येही तो नव्यानं निघाला, एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन. १९७२ चा ‘पिंजरा’ तर गावोगावच्या थिएटरात महिनोन्‌महिने चालला. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० ला ते गेले.

आता एक अवघड गोष्टही बोलायला हवी. पडद्यावर बाईचा एवढा कैवार घेणाऱ्या या माणसाच्या घरात काय होतं? १९२१ मध्ये विमलबाईंशी लग्न झालं. त्या असताना १९४१ मध्ये जयश्रीबाईंशी दुसरं लग्न. पुढे जयश्रीबाई वेगळ्या झाल्या आणि १९५६ मध्ये संध्याबाईंशी तिसरं. दुसरं लग्न केलं तेव्हा हिंदू पुरुषाला तशी मुभा होती, हे खरं. पण कायद्यानं चालतं म्हणून घरातल्या बाईचं दुखणं कमी होतं का? विमलबाईंच्या मनात काय चाललं असेल, त्यावर सिनेमा कुणी काढला नाही. आणि ‘पिंजरा’तही मास्तर बिघडला तो तमाशातल्या बाईपायीच ना?

म्हणून त्यांचं काम खोटं ठरतं, असं मला वाटत नाही. मोठी माणसंसुद्धा आपल्याच कामाला पुरी पडत नाहीत, एवढंच. नीरा मात्र पुरी पडते. वस्तीवर फिरताना मला तिची फार आठवण येते. आता कायद्यानं मुलीचं वय १८ लागतं. तरी आपल्या मराठवाड्यात ऊसतोडीला जायच्या आधी, दुष्काळाच्या साली, कुणी पळवून नेईल या भीतीनं, नववी-दहावीतल्या पोरी अजून उजवल्या जातात. मुलाचं वय जास्त असलं तरी शेती आहे ना, नोकरी आहे ना, असं म्हणून बायाच समजूत घालतात. फसवणारा मामा प्रत्येक वेळी वाईटच असतो असं नाही, कधी तो कर्जात बुडालेला बाप असतो.

हे जुने सिनेमे आता मोबाईलवरही बघायला मिळतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटून झालं, की बचत गटाच्या बायांनी आणि वयात येणाऱ्या लेकींनी मिळून ‘कुंकू’ पाहावा. बघून झालं की आपल्या गल्लीतल्या कुठल्या मुलीची शाळा सुटलीय आणि का, एवढं फक्त एकमेकींना विचारावं. एखादी तारीख ठरली असल्याचं कळलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ असू द्या. नीरेच्या पाठीशी त्या घरातली एक बाई उभी राहिली होती. आपल्या गावात ती बाई आपण व्हायचं.