संपादकाचार्य बाबूराव पराडकर

हिंदी पत्रकारितेत ‘संपादकाचार्य’ म्हणून गौरविले गेलेले बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीतील एका महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. घरी मराठी, भोवताली हिंदी आणि पुढे कोलकात्यात बंगाली, अशा तीन भाषांच्या सहवासात त्यांची लेखणी घडली. परकीय राजवटीने चालविलेली देशाची लूट ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथातून उघड करणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद पराडकरांनीच केला.

१९०६ मध्ये ‘हिंदी बंगवासी’तून त्यांनी वृत्तपत्रसृष्टीत पाऊल ठेवले. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून १९१६ मध्ये त्यांना अटक झाली व सुमारे साडेतीन वर्षे बंदिवासात काढावी लागली. सुटकेनंतर ते काशीस परतले. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘आज’ या दैनिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

बातमी खरी असावी, ती आपल्याला समजेल अशा भाषेत असावी आणि ती देणारा कोणाचा मिंधा नसावा, एवढीच वाचकाची वृत्तपत्राकडून अपेक्षा असते. पराडकरांनी ती आयुष्यभर ऋणासारखी मानली. अर्थकारण व राजकारण सामान्य माणसाला आपल्या भाषेत वाचता यावे, यासाठी त्यांनी हिंदीत नवे शब्द रुळविले. ‘मुद्रास्फीती’ हा त्यांपैकीच एक मानला जातो. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र निघू लागले. त्यामागील प्रमुख सूत्रधारांत पराडकर होते. पकडले गेल्यास शिक्षा अटळ होती. तरीही वाचकाला अंधारात ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांची दृष्टी मात्र सरकारी बंधनांपुरती मर्यादित नव्हती. १९२५ मध्ये वृंदावन येथील हिंदी संपादक संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भविष्याचा इशारा दिला. पुढे वृत्तपत्रे देखणी, सचित्र आणि संपन्न होतील. परंतु धनिकांच्या हाती गेल्यावर त्यांतील प्राण हरपेल आणि संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही, असे त्यांनी बजावले. परकीय सत्ता गेली, तरी ही चिंता संपली नाही.

१२ जानेवारी १९५५ रोजी काशीतच त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या या मराठी भाषकाने कर्मभूमीची भाषा समृद्ध केली आणि तेथील वाचकांचा विश्वास संपादन केला. परप्रांतात मराठी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा वारसा आपला मानावा.