न पाहिलेल्या राजाचा चित्रकार

रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर हे मूळचे आपल्या कोल्हापूरचेच. जन्म १८६७ चा. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकावयास गेले आणि पुढे तेथेच शिक्षक होऊन १९३१ त निवृत्त झाले.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसाठी त्यांनी शिवराज्याभिषेक रंगविला. सोहळा १६७४ चा. मुद्रा घ्यावयाची कोठून? जुन्या लघुचित्रांत महाराज बहुधा एका बाजूनेच दिसतात. स्पेनमध्येही १८४७ पासून जुन्या राजांची चित्रमालिका करताना चित्रकारांना पुष्कळदा कल्पनेवरच भिस्त ठेवावी लागली.

दरबाराच्या गर्दीत मात्र धुरंधर अडणारे नव्हते. जातीजातींचे पेहराव, पागोट्यांचे पेच, लुगड्यांचे नेसणे त्यांनी आयुष्यभर रेखाटले होते. त्यांचा खरा जीव, आमच्या मते, तेथेच. १९४४ त ते वारले.