सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांची गलबते



आपल्या पांढुर्ण्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपली ओळख जाम नदीशी. तरीही या अंकासाठी आम्ही एका दर्यावर्दी पुरुषाचे चरित्र निवडले आहे. टी.व्ही.वर फळी घेऊन लाटांवर स्वार होणारे खेळाडू तुम्ही पाहिले असतील. त्या फळीची कडा गोल असेल तर पाणी तिला बिलगून वाहते व फळी लाटेला धरून राहते. कडा धारदार असेल तर पाणी चटकन सुटते व वेग मिळतो. आकारात थोडा फरक केला की पाण्यातली चाल बदलते. कोकणातल्या सुतारांना व तांडेलांना हे तीनशे वर्षांपूर्वी अनुभवाने ठाऊक होते, आणि त्यांच्या कसबावर कान्होजींनी आपले आरमार उभे केले.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. मोगलांच्या धामधुमीत कान्होजींनी किनारा राखला आणि १६९८ च्या सुमारास त्यांना सरखेल हा किताब मिळाला. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी तह होऊन ते शाहू महाराजांच्या पक्षास आले. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घ्यावा, अशी त्यांची मागणी होती. इंग्रजांना ती मान्य नव्हती, म्हणून ते त्यांना चाचा म्हणत. आम्हाला हे नाव अन्यायाचे वाटते. पोर्तुगीजही परवाने देतच होते!

आता त्यांच्या नौकांकडे वळू. मोठी नौका ती गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने रुंद बांधा, आणि तळ पाण्यात फार खोल न जाणारा. त्यामुळे ती उथळ खाडीत शिरे. पाठलाग करणारे इंग्रजी जहाज मात्र बाहेरच अडे. मधून पुढे ती निमुळती होत जाई आणि नाळ टोकदार बाहेर निघे. टोकाला असा निमुळता आकार असला की समोरच्या लाटेत नौका जोरात खाली-वर होते व पाणी वर चढते. यावर युक्ती अशी, की नाळेवरील फळ्यांच्या कडेला कठडाच ठेवत नसत. आलेले पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाई! मागच्या आडभिंतीतील छिद्रांतून दोन तोफा नाळेवरून समोर मारा करीत.

गलबत याहून लहान. वजन हलके राहावे म्हणून पुष्कळ गलबतांवर चक्क बांबूच्या कामट्यांचे आच्छादन असे. एक भले मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, कारण जहाजाच्या बाजूंना तोफांच्या रांगा असत, मागे थोड्याच. हा बांधा भर समुद्रातील वादळासाठी नव्हता. तेथे खोल तळाचे जहाजच बरे. उथळ तळाचे वाऱ्याने आडवे सरकते. कान्होजींनी लढाई बहुधा किनाऱ्याजवळच ठेवली.

इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये विजयदुर्गासाठी त्यांनी सपाट तळाचा, जाड भिंतींचा तरंगता किल्लाच बांधून आणला. तळ उथळ, पण वेग नाही. आणि तोफांची छिद्रे अशी चुकली की गोळा जवळच पाण्यात पडला. परतताना युरोपीय चाचे समोर आले, तेव्हा तो इंग्रजांनी स्वतःच पेटवून दिला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. तेव्हा बाजीराव मदतीस धावले आणि शत्रूला हात हलवीत परतावे लागले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. पुढे मुलांमध्ये बेबनाव झाला, पेशव्यांशीही बिनसले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्या संमतीने इंग्रज विजयदुर्गावर चालून आले. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या नौका तेथे एकमेकींना बांधून नांगरलेल्या होत्या. एकीवर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले. ज्या नौकांचे सारे बळ चपळाईत, त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.