दीनांचे कैवारी बिशप बार्तोलोमे दे लास कासास

महोत्सव म्हटला म्हणजे पताका, वाद्ये, मिरवणूक व प्रीतिभोजन यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्यात काही वावगे नाही. तथापि जुन्या करारातील लेवीयाच्या ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहिला असता ज्युबिलीचा मूळ अर्थ निराळाच आहे असे दिसून येते. त्या वर्षी दासांना मोकळे करावे, गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांच्या घरी परत जाव्यात, अशी देवाची आज्ञा होती. हीच आज्ञा विसरलेल्या लोकांना तिची आठवण करून देण्यासाठी देवाने वेळोवेळी संदेष्टे पाठविले. संदेष्टा म्हणजे उद्याचे भविष्य वर्तविणारा ज्योतिषी अशी पुष्कळांची समजूत आहे. पण पवित्र शास्त्रातील संदेष्टा हा देवाचे वचन आजच्या व्यवहाराला लावून दाखविणारा मनुष्य होय. असे संदेष्टे ख्रिस्तसभेत प्रेषितांच्या काळानंतरही झाले. त्यांपैकी एकाचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आमच्या धर्मबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म स्पेन देशातील सेव्हिल नगरात १४८४ साली झाला. त्यांचे वडील पेद्रो हे व्यापारी असून १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत ते सामील झाले होते. पुढे १५०२ साली खुद्द बार्तोलोमे हिस्पान्योला बेटावर जाऊन राहिले. त्या काळी तेथे एन्कोमिएन्दा नावाची पद्धत सुरू होती. बेटावरील मूळच्या रहिवाशांच्या टोळ्याच्या टोळ्या एकेका स्पॅनिश गृहस्थाच्या हवाली करण्यात येत. त्याने त्यांना धर्म शिकवावा व त्यांनी त्याची सेवा करावी, असा करार कागदावर होता. प्रत्यक्षात मात्र धर्मशिक्षण नावालाच राहिले आणि सोन्याच्या खाणीत व शेतात मरेपर्यंत वेठ तेवढी उरली. बार्तोलोमे यांनीही अशी माणसे बाळगली होती. पुढे ते याजक झाले, तरीही त्यांनी ती सोडली नाहीत. ते स्वभावाने दयाळू होते, आपल्या माणसांना मारझोड करीत नसत. तेवढ्याने आपले कर्तव्य झाले, असेच त्यांना वाटत होते.

१५१० साली दोमिनिकन संन्यासी त्या बेटावर आले. डोळ्यांदेखत चाललेला जुलूम पाहून त्यांनी प्रार्थना व विचारविनिमय केला, सर्वांनी मिळून एक प्रवचन तयार केले व त्याखाली आपापल्या सह्या केल्या. १५११ सालच्या आगमनकाळातील चौथ्या रविवारी फ्राय अंतोनियो दे माँतेसिनोस यांनी ते सांगितले. अरण्यात घोषणा करणाऱ्या योहानाचे वचन विषयासाठी घेऊन त्यांनी राज्यपालासह सर्व बड्या मंडळींना बजावले की, या निरपराध लोकांना छळून तुम्ही प्राणघातक पापात जगत आहात. मंडळी संतापली आणि शब्द मागे घ्यावेत अशी मागणी करू लागली. पुढच्या रविवारी त्याच संन्याशांनी तेच पुन्हा अधिक स्पष्टपणे सांगितले, आणि एन्कोमिएन्दा न सोडणाऱ्यास पापक्षमा देणार नाही असेही जाहीर केले. बार्तोलोमे यांनाही याच कारणावरून एका दोमिनिकन संन्याशाने पापक्षमा नाकारली. त्यांनी त्याच्याशी वाद घातला, पण जीवनक्रम बदलला नाही.

नंतर क्युबा बेट जिंकणाऱ्या सैन्याबरोबर ते धर्मगुरू म्हणून गेले. काओनाओ येथे निःशस्त्र स्त्रीपुरुषांची व बालकांची कत्तल झाली, ती त्यांनी पाहिली. असे असूनही आरिमाओ नदीकाठची जमीन व तिच्याबरोबर मिळालेली माणसे त्यांनी स्वीकारली आणि आपले मित्र पेद्रो दे ला रेन्तेरिया यांच्यासह तेथे कारभार मांडला. माणसाचे अंतःकरण किती हळूहळू उघडते, याचे हे उदाहरण आहे!

१५१४ सालचा पेन्तेकॉस्त सण जवळ आला. प्रवचनाची तयारी करण्यासाठी बार्तोलोमे यांनी पवित्र शास्त्र उघडले असता सिराखच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय त्यांच्या दृष्टीस पडला. अन्यायाने मिळविलेल्या वस्तूचे अर्पण देवाला मान्य होत नाही, गरिबाची भाकर हिरावून घेणारा त्याचा जीवच घेतो, मजुराची मजुरी बुडविणारा रक्तपात करतो, असा त्या वचनांचा आशय आहे. लोकांना सांगण्यासाठी शोधलेले वचन सांगणाऱ्यालाच येऊन भिडले. ज्या हातांनी ते वेदीवर भाकर उचलीत, त्याच हातांत वेठीच्या श्रमाचे धान्य होते. कित्येक दिवस मनन केल्यावर त्यांची खात्री पटली की, आपली माणसे प्रथम सोडल्याखेरीज या विषयावर बोलण्याचा आपणास अधिकार नाही. त्यांनी राज्यपालाकडे जाऊन ती माणसे सोडत असल्याचे सांगितले. १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी हे भर प्रवचनात जाहीर केले. ऐकणारे थक्क झाले. जमैकाहून परतलेल्या रेन्तेरियांनीही मित्राला साथ दिली.

येथून पुढे पन्नास वर्षे हेच त्यांचे जीवितकार्य झाले. १५१५ साली ते माँतेसिनोस यांच्यासह स्पेनला गेले व राजा फर्दिनांद यास भेटले. १५१६ साली कार्डिनल सिस्नेरोस यांनी त्यांना त्या लोकांचे संरक्षक नेमले. कुमाना येथे शांततेने वसाहत करण्याचा त्यांचा प्रयत्न साफ फसला. त्या अपयशानंतर १५२२ साली त्यांनी दोमिनिकन संघात प्रवेश करून काही वर्षे अभ्यासात व मौनात घालविली. नंतर ग्वातेमालातील ज्या प्रांताला सैनिक युद्धभूमी म्हणत, तेथे त्यांनी व त्यांच्या संन्यासी बंधूंनी शस्त्राविना शुभवर्तमान नेले. पुढे त्या प्रांताला व्हेरा पाझ, म्हणजे खरी शांती, असे नाव पडले. १५३७ साली परमगुरू तिसरे पॉल यांनी ते लोक खरोखर मानव असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही, असे आज्ञापत्र काढले. १५४२ साली सम्राट पाचवा चार्ल्स याने नवे कायदे करून मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी घातली.

१५४४ साली लास कासास यांना चियापा येथील बिशपपदाची दीक्षा मिळाली. आपल्या धर्मप्रांतात त्यांनी नियम केला की, लुबाडलेले परत केल्याशिवाय पापक्षमा मिळणार नाही. एके काळी स्वतःला झोंबलेले औषधच त्यांनी आता इतरांना दिले. प्रतिष्ठित मंडळी खवळली, जमाव बिशपांच्या घरावर चालून गेला, आणि १५४५ साली सम्राटाने नव्या कायद्यांतील मुख्य कलमच मागे घेतले. १५४७ साली ते स्पेनला कायमचे परतले. १५५० साली वायादोलिद येथे विद्वान सेपुल्वेदा यांच्याशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. काही माणसे जन्मतःच दास असतात, हे आरिस्टॉटलचे मत सेपुल्वेदांनी पुढे केले. लास कासास यांनी पाच दिवस आपला ग्रंथ वाचून प्रत्युत्तर दिले. पंचांनी उघड निकाल दिला नाही. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे ते प्रभूच्या घरी गेले.

त्यांच्या चरित्रातील एक काळा डाग लपविणे योग्य होणार नाही. बेटांवरील लोकांचे ओझे हलके करावे म्हणून त्यांनी १५१६ साली व त्यानंतरही आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्या व्यापाराची हकिगत कळल्यावर आफ्रिकी लोकांची गुलामीही तितकीच अन्यायाची आहे, हे त्यांना उमगले. आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी हा अपराध स्वतःच नोंदवून ठेवला आणि आपले अज्ञान देवापुढे सबब म्हणून चालेल की नाही, याविषयी शंका व्यक्त केली. एका दीनाचा कैवार घेताना दुसरा दीन दृष्टिआड होऊ शकतो, हा धडा त्यांच्या चुकीतूनही मिळतो. संदेष्टा हाही पापी मनुष्यच, म्हणून वचनाचा न्याय त्याच्यावरही चालतो.

आता आपण आपल्याकडे वळू. बाप्तिस्म्याच्या वेळी अभिषेकाचे तेल मस्तकी लागले, त्याच क्षणी प्रत्येक ख्रिस्तजन प्रभूच्या संदेष्टेपणाचा वाटेकरी झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली हे सत्य स्पष्ट शब्दांत सांगितले. परंतु देव माझ्याशी बोलला असे म्हणणारा प्रत्येक जण संदेष्टा ठरत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे लास कासास यांच्या चरित्रावरून त्याच्या चार कसोट्या निघतात. त्याचे बोलणे पवित्र शास्त्रातून निघालेले असावे. ते वचन त्याने प्रथम स्वतःस लावलेले असावे. त्याने ख्रिस्तसभेच्या कुशीत राहून बोलावे. आणि त्यात त्याचा लाभ नसून तोटा असावा. जो भविष्य सांगून द्रव्य गोळा करतो, तो यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी घरोघरी पवित्र शास्त्र उघडले जावे. आपल्या शेतावर, वाडीत, घरात राबणाऱ्या माणसाची मजुरी वेळेवर व पुरती मिळते काय, भावाच्या हिश्श्याची जमीन आपल्या नावावर चढलेली नाही ना, हे वेदीकडे दान घेऊन येण्यापूर्वी प्रत्येकाने पाहावे. आम्हा याजकांना तर हा प्रश्न सर्वांच्या आधी लागू आहे. एक जरी घेतलेली वस्तू मूळ धन्याच्या घरी परत गेली, तरी आमच्या मते या धर्मग्रामाचा महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला. प्रभू येशू आपणा सर्वांस ऐकणारे कान व सोडून देणारे हात देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.