श्रीभास्कराचार्य आणि एकसष्टाचा प्रश्न

गुढीपाडव्यास आपण पंचांगाचे श्रवण करतो. त्या ग्रहगणिताच्या परंपरेतील महापुरुष श्रीभास्कराचार्य यांचे स्मरण आपल्या इतवाऱ्यापासून फार दूर नाही. बऱ्हाणपुराहून भुसावळमार्गे चाळीसगावास उतरावे. तेथून जवळच, डोंगराच्या कुशीत, पाटण येथे भवानीचे देवालय आहे. तेथील शिलालेखात आचार्यांचे कुलवृत्त कोरलेले आहे.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, शांडिल्य गोत्रात झाला. जन्मग्राम विज्जडविड, ते नेमके कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत.

‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे. अशी कोणती संख्या, की जिच्या वर्गाला एकसष्टाने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा? एकसष्टाऐवजी साठ घेतल्यास उत्तर चार. बासष्ट घेतल्यास आठ. घरातील मुलेही ताळा पाहू शकतील. एकसष्टाचे लहानात लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा! चाचपडत जाणाऱ्यास हे जन्मात सापडावयाचे नाही. आचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने काढले. एकोणचाळिसाचा वर्ग १५२१. पाचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५. अंतर केवळ चार. एवढा धागा हाती आला की सातव्या शतकातील ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ नियमाने मोजक्या पायऱ्यांत उत्तर येते. ही पद्धती पूर्वी जयदेवांसही ठाऊक होती. परंतु तिचे असे लख्ख उदाहरण आचार्यांनीच दिले. फ्रान्समधील फर्मा याने हाच एकसष्टाचा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे ठेवला तो १६५७ मध्ये, पाचशे वर्षांनंतर.

लीलावती ही आचार्यांची कन्या, तिचा विवाहमुहूर्त चुकला, ही कथा सर्वांस प्रिय आहे. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. पाटणच्या वंशावळीत तिचे नाव नाही. हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून आपल्या बऱ्हाणपुरास राजा अलीखानाकडे आला होता.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ केवळ पोथीत राहिले तर लोपतील, हे त्याने जाणले असावे. त्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापिला. निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्यास दान दिले. शिलालेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नसून तत्कालीन मराठीत आहे: बाजारातील विक्रीवरचा राजाचा भाग मठास द्यावा आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्यांनी प्रत्येकी पळी पळी तेल मठास द्यावे.