आधी झाडू, मग कीर्तन : गाडगेबाबांचा विचार गावात कसा रुजला?

वस्तीत काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. लग्नासाठी कर्ज काढू नये, हे एकेकट्याला विचारले तर जवळजवळ प्रत्येकाला पटलेले असते. पण बैठकीत सगळे गप्प बसतात, कारण बाकीच्यांना थाटमाट हवाच आहे, असे ज्याला त्याला वाटते. नको असलेला रिवाज असाच वर्षानुवर्षे टिकतो. हे कोडे संत गाडगेबाबांनी कसे सोडवले, ते आपण कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. दारूपायी वडील लवकर गेले. आई सखूबाई त्यांना घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. गुरे राखण्यात आणि शेतीत बालपण गेले, शाळा मिळालीच नाही. मामाची जमीन सावकाराने कशी गिळली, हेही त्यांनी पाहिले. दारू, कर्ज आणि अज्ञान या तिन्ही गोष्टी त्यांना घरातच भेटल्या होत्या.

पहिला बदलही त्यांनी घरातच केला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी पंगतीला गोड जेवण वाढले. जातभाई नाराज झाले, पण रिवाज मोडूनही बारसे पार पडते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात गाडगे आणि झाडू. गावात शिरले की कुणाशी न बोलता ते रस्ते झाडायला लागत. लोक आधी वेडा समजत, मग थबकत, मग एकेक जण हातात झाडू घेई. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई.

बाबा कीर्तनात उपदेश कमी करत आणि वऱ्हाडी बोलीत प्रश्न जास्त विचारत. देवाला बोकड का कापता, सण साजरा करायला कर्ज का काढता, अस्पृश्यता कशाला पाळता. उत्तर लोकांनीच मोठ्याने द्यायचे. शेजाऱ्याच्या तोंडून तेच उत्तर ऐकले की आपण एकटे नाही, हे माणसाला कळे. मनातली गोष्ट अशी चारचौघांत आली की ती मागे घेणे अवघड जाते.

विचार टिकवायला जागाही लागते. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला ठिकाण नव्हते. बाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. भांडी विका, पण मुलांना शिकवा, असे सांगणाऱ्या बाबांनी ती शिक्षणसंस्थेच्या हाती द्यावी, यात नवल नव्हते. स्वतः मात्र ते मागून आणलेली भाकरीच खात राहिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला.

गाडगेबाबा बौद्ध झाले नाहीत, त्यांच्या कीर्तनात विठ्ठलाचे नाव शेवटपर्यंत होते. तरीही पद्धत म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे. आपण जयंतीला त्यांचा फोटो फॉरवर्ड करतो, स्टेटस ठेवतो. फोटो पसरतो, पण वागणूक तशी पसरत नाही. ती पसरवायची असेल तर पुढचे साधे लग्न आपल्याच घरी लागले पाहिजे. आणि पुढच्या बैठकीत भाषण थोडे आखडते घेऊन लोकांना विचारले पाहिजे : कर्ज काढून लग्न कुणाकुणाला नको आहे? हात वर होतील तेव्हा लोकांना एकमेकांकडे बघू द्या.